‘डी ड्राइव्हला काही होणार नाही ना?’ घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स टाकताना नेमकं काय बिघडतं

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास असो नाहीतर सांगलीत विश्रामबागेत, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं. “फॉरमॅट मारून देतो. सी तेवढा जाईल, डी ला धक्का नाही.”

गेली वीस-पंचवीस वर्षं घरोघरचे कॉम्प्युटर या एका वाक्यावर चाललेत. मशीन स्लो झालं, व्हायरस आला, विंडोज अडकलं, की दुकानात न्यायचं आणि सी ड्राइव्ह पुसून नवीन विंडोज टाकून आणायचं. लग्नाचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरांची प्रोजेक्टं, सगळं डी मध्ये. डी ड्राइव्ह म्हणजे घरातल्या लोखंडी कपाटातली तिजोरी. तिला कोणी हात लावत नाही, म्हणून तिची दुसरी प्रतही कोणी काढत नाही.

अशा घरात एक दिवस इंजिनियरिंगला गेलेलं पोरगं म्हणतं, “मी यावर लिनक्सपण टाकतो. विंडोज आहे तसंच राहील.” त्यावर आई-बाबांचा प्रश्न एकच असतो, डी ला काही होणार नाही ना?

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं खरं उत्तर “होऊ शकतं” असं आहे, कारण लिनक्सच्या इन्स्टॉलरला सी आणि डी ही भानगडच माहीत नसते.

हा विषय आत्ता कशाला निघाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केली तर सुरक्षेच्या अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, अशी एक वर्षाची सवलत दिली. पुढे विंडोज ११ वर जायचं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली हौसेने घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा आय-थ्री किंवा आय-फाइव्हचा डेस्कटॉप कागदोपत्री बाद झाला.

मशीन चांगलं आहे, फेकवत नाही. मग कोणीतरी यूट्यूबवर बघून सांगतं की लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं. हे दोन्ही खरं आहे. पण विंडोज पूर्ण काढून टाकायची हिंमत होत नाही, कारण टॅली त्यावर आहे, प्रिंटर त्यावर आहे आणि बाबांना तेच येतं. म्हणून मधला मार्ग निघतो, दोन्ही ठेवू. याला ड्युअल बूट म्हणतात. कॉम्प्युटर चालू केला की एक यादी येते, त्यातून विंडोज किंवा लिनक्स निवडायचं.

दुसरा गट विद्यार्थ्यांचा. डिप्लोमा असो की डिग्री, कॉम्प्युटर शाखेत ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रॅक्टिकल आलं की लिनक्सशी गाठ पडतेच. त्यात सांगलीची एक खासियत आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे आणि तिथली सिनियर मुलं ज्युनियर मुलांना कार्यशाळांमधून लिनक्स शिकवतात. त्याचा उपयोग कुठे होतो, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. आपल्याकडे लिनक्स ‘दुसरं’ आहे ते शिकण्याच्या क्रमामुळे. महाराष्ट्रात २००१ पासून लाखो लोक एमएस-सीआयटी करून कॉम्प्युटर शिकले आणि तिथे शिकवलं जायचं ते विंडोज आणि ऑफिस. केरळच्या सरकारी शाळांमध्ये पोरं पहिल्यापासून लिनक्सवरच शिकतात. तिथल्या शाळेतल्या मशीनवर ते आधीच भरलेलं असतं, त्यामुळे इन्स्टॉल करण्याची ही लढाई तिथल्या पोरांच्या वाट्याला येत नाही. विंडोज सोपं वाटतं त्याचं अर्धं कारण हेच, की ते आपण कधी स्वतः इन्स्टॉलच केलेलं नसतं. दुकानदाराने केलेलं असतं.

सी आणि डी गेले कुठे?

सी, डी, ई ही अक्षरं विंडोजने दिलेली टोपणनावं आहेत. डिस्कवर तशी अक्षरं कुठे लिहिलेली नसतात. डिस्कवर असतात ते तुकडे, म्हणजे पार्टिशन. लिनक्स त्यांना स्वतःच्या पद्धतीने नावं देतं. एसडीए ही पहिली डिस्क, मग तिचे तुकडे एसडीए१, एसडीए२ असे. दुसरी डिस्क किंवा तुम्ही लावलेला पेनड्राइव्ह एसडीबी. नवीन लॅपटॉपमध्ये एनव्हीएमईने सुरू होणारं आणखी लांबलचक नाव.

आता आकारावरून ओळखू म्हटलं तर तिथेही गंमत आहे. विंडोज १०२४ च्या हिशेबाने जीबी मोजतं, उबुंटू १००० च्या हिशेबाने. त्यामुळे विंडोजमध्ये जो डी ड्राइव्ह २०० जीबी दिसतो, तोच उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये साधारण २१५ दिसतो. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते. रात्री अकरा वाजता हे आकडे जुळेनात की माणूस अंदाजाने बटण दाबतो.

आणि बटणं कोणती असतात? उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये साधारण तीन पर्याय येतात. विंडोजच्या शेजारी टाका, संपूर्ण डिस्क पुसून टाका किंवा स्वतः पार्टिशन करा. यातलं ‘इरेज डिस्क’ हे ‘फॉरमॅट मारणे’ सारखं वाटतं. आपली सवय सांगते की फॉरमॅट मारला तरी डी राहतो. इथे ‘डिस्क’ म्हणजे आख्खी डिस्क, सी आणि डी दोन्ही. दुकानातल्या वाक्याने दिलेला भरवसा या एका शब्दापाशी संपतो.

खरा घात तेव्हा होतो जेव्हा ‘विंडोजच्या शेजारी टाका’ हा पर्याय यादीत दिसतच नाही. त्याऐवजी इन्स्टॉलर सांगतो की या कॉम्प्युटरवर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. आता विंडोज तर पाच मिनिटांपूर्वी चालू होतं! माणूस गोंधळतो, ‘चला, मग इरेजच असेल’ म्हणतो आणि पुढे जातो. इथे थांबायचं. तो संदेश आला की पेनड्राइव्ह काढायचा, विंडोजमध्ये परत जायचं आणि कारण शोधायचं. कारणं ठरावीक आहेत.

इन्स्टॉलरला विंडोज का दिसत नाही?

पहिलं कारण बूट होण्याची पद्धत. जुनी मशीन बायोसच्या पद्धतीने चालू होतात, नवीन मशीन यूईएफआयच्या. बऱ्याच मशीनला दोन्ही जमतं. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल आणि तुमचा पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने सुरू झाला, तर दोघांची एकमेकांशी ओळखच होत नाही. विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ की ‘यूईएफआय’ ते कळतं. रुफस वापरून पेनड्राइव्ह बनवताना तेच निवडायचं. (आणि हो, पेनड्राइव्हसुद्धा पूर्ण पुसला जातो. त्यावरचे फोटो आधी काढा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.)

दुसरं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने एक युक्ती केली. तुम्ही ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर अर्धवट झोपवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. दुकान बंद करताना शटर अर्धंच ओढून ठेवावं तसं. लिनक्सला ही डिस्क ‘वापरात आहे’ अशी दिसते, म्हणून ते तिला हात लावायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं की विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन उठतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद करता येतं. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर ते परत चालू झालंय का, हे एकदा बघून घ्यावं.

तिसरं कारण लॅपटॉपवाल्यांचं. काही लॅपटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या रॅपिड स्टोरेज नावाच्या व्यवस्थेमागे लपलेली असते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, किंवा दिसली तरी तो ही व्यवस्था बंद करा म्हणून अडून बसतो. नेटवर लगेच सल्ला मिळतो, ‘बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा’. सल्ला बरोबर, पण अर्धा. थेट तसं केलं तर लिनक्सला डिस्क दिसते आणि विंडोज निळा स्क्रीन दाखवून उठायला नकार देतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये चालू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचं, मग सेफ मोड काढायचा. एवढ्याशा क्रमासाठी कित्येकांचं विंडोज विनाकारण फॉरमॅट झालं असेल.

चौथं कारण जुन्या मशीनचं. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशन जास्तीत जास्त चार करता येतात. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये कंपनीने सिस्टीम, सी, रिकव्हरी आणि टूल्स असे चार आधीच भरून ठेवलेले असायचे. तुम्ही जागा मोकळी केलीत तरी इन्स्टॉलर ती ‘वापरता येत नाही’ म्हणतो. मग माणूस विंडोजमध्ये पाचवं पार्टिशन करायला जातो. विंडोज विचारतं, डिस्क ‘डायनॅमिक’ करू का? हो म्हणू नका. बहुतेक इन्स्टॉलरना डायनॅमिक डिस्कमधले तुकडे नीट दिसत नाहीत आणि परत ‘बेसिक’ करायचं तर विंडोज सगळी पार्टिशन काढून टाकायला सांगतं.

जागा मोकळी करताना लाईट गेली तर?

लिनक्सला २५ जीबी तरी जागा द्यावी, जमल्यास ५०. ती कुठून काढायची? बहुतेक लोक सी ड्राइव्ह कमी करायला जातात आणि चिडतात. सी मध्ये १०० जीबी मोकळी असते, पण विंडोज म्हणतं फक्त ५-६ जीबी कमी करता येईल. कारण ड्राइव्ह शेवटाकडूनच कापता येतो आणि विंडोजच्या काही फायली, म्हणजे पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोरचा साठा, मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या हलवता येत नाहीत. शेतात मधोमध विहीर असली की वाटणी करताना जी पंचाईत होते, तीच.

यावर उपाय आहेत, पण सोपी वाट वेगळी आहे. डी ड्राइव्ह कमी करा. तिथे अशा विहिरी सहसा नसतात. लिनक्सला सी च्या शेजारीच जागा हवी असंही काही नाही, डिस्कवर कुठेही चालते. फक्त डी मध्ये सगळं घर आहे, हे विसरायचं नाही.

इथे दोन कामांमधला फरक समजून घ्या. पार्टिशन शेवटाकडून आक्रसणं हे तुलनेने लहान काम आहे. पार्टिशन सरकवणं, म्हणजे त्याची सुरुवात पुढे-मागे करणं, यात त्यातली एकूण एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवली जाते. साध्या हार्ड डिस्कवर याला तासन् तास लागतात. वळवाचा पाऊस, एक वीज कडाडली, फीडर ट्रिप झाला आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही (किंवा आहे, पण त्याची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच गेली आहे), की अर्ध्या फायली जुन्या जागी, अर्ध्या नव्या जागी आणि कुठली कुठे याचा हिशेब अपुरा. कोरेगाव, खटाव, जत, आटपाडीकडे राहणाऱ्यांना लाईटबद्दल वेगळं सांगायला नको. सरकवायचं काम टाळता येत असेल तर टाळाच. जे काही करायचं ते लॅपटॉपवर पूर्ण चार्ज करून आणि डेस्कटॉपवर चालू यूपीएस लावून.

त्याआधी बॅकअप. तोही त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये नव्हे. डी चा बॅकअप ई मध्ये ठेवणं म्हणजे एकाच पाकिटातल्या दोन कप्प्यांत पैसे ठेवणं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि जमलं तर ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांच्या घरात शिरला, त्या सांगलीकरांना याचं कारण विचारा.

नवीन लॅपटॉपमध्ये एक कुलूप आहे, किल्ली कोणाकडे?

हा भाग लॅपटॉपवाल्यांनी दोनदा वाचावा.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आणखी जास्त मशीनवर आपसूक चालू होतं. रोजच्या वापरात कळतही नाही. पण लिनक्ससाठी तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं किंवा बूटची व्यवस्था बदलली, की विंडोजला संशय येतो. पुढच्या वेळी निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण ‘तुमच्या’ म्हणजे कोणाच्या? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने घाईत सेटअप करताना स्वतःचा ई-मेल टाकला असेल, किंवा एखादा नवाच बनवून पासवर्ड कुठेच लिहून ठेवला नसेल, तर की त्या खात्यात आहे. ती मिळाली नाही तर डेटा गेला. कुठलंही दुकान, कुठलाही हुशार मामेभाऊ तो परत आणू शकत नाही. कुलूप बनवलंच त्यासाठी आहे.

म्हणून लिनक्सचा विचार असो वा नसो, आजच बघा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का? असेल तर ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याचा पासवर्ड आठवतो का? की कागदावर लिहून काढा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. लिनक्स टाकायचं असेल तर त्याआधी एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिस्क उलगडायला लागणारा वेळ जाऊ द्या. डिस्क कुलूपबंद दिसली तर उबुंटूचा इन्स्टॉलर स्वतःच अडवतो. तो अडवतोय तेव्हा त्याच्याशी भांडायचं नाही.

झालं इन्स्टॉल. मग आता वायफाय कुठाय?

इथून पुढच्या अडचणी डेटा घालवत नाहीत, फक्त डोकं खातात.

सगळ्यात नेहमीची म्हणजे वायफाय दिसत नाही. काही चिपचे, विशेषतः ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेकचे, ड्रायव्हर लिनक्ससोबत येत नाहीत. ते नेटवरून घ्यायचे. नेट कशाने? वायफायने! या चक्रातून बाहेर पडायला घरातला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते केबलचं नेट वाटतं आणि सहसा कुठलाही ड्रायव्हर न मागता चालतं. ड्रायव्हर उतरवून घ्या, काम झालं.

दुसरी, घड्याळ साडेपाच तास चुकतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की सकाळी आठ वाजता तिथे रात्रीचे अडीच वाजलेले दिसतात. मदरबोर्डचा सेल गेला म्हणून लोक सेल बदलून आणतात. सेलचा काही दोष नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात कुठली वेळ ठेवायची यावर दोघांचं एकमत नाही. विंडोज तिथे भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ, आणि दोन्हींत फरक आहे साडेपाच तासांचा. लिनक्सला ‘तूही स्थानिक वेळच ठेव’ असं एका कमांडने सांगता येतं. दोघांपैकी एकालाच बदलायचं. दोघांना बदललं की परत तेच.

तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात कमी लेखली जाते, ती म्हणजे प्रिंटर. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात, वकिलांच्या टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात जो छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर दिसतो, तो फार वेळा कॅननचा एलबीपी २९०० असतो. विंडोजवर बैलासारखा राबतो. लिनक्सवर त्याची भाषाच वेगळी, वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना भलेभले टेकीला येतात. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना मात्र फारसा त्रास होत नाही. लिनक्सवर जाण्याआधी ते चांगलं की वाईट ही चर्चा करण्यापेक्षा घरच्या प्रिंटरचं मॉडेल नेटवर शोधणं जास्त उपयोगाचं.

चौथी, मराठी. साधं युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सोबतच येतो, रोमनमधून मराठी टाइप करायची सोय टाकता येते आणि डेबियनसारख्या सिस्टीमचा इन्स्टॉलरसुद्धा मराठीत बोलतो. अडतं ते लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणाऱ्यांचं. श्री-लिपी, कोरल ड्रॉ, जुनं पेजमेकर हे सगळं विंडोजला बांधलेलं. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाच्या टॅलीचंही तेच. ज्यांचं पोट या सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी विंडोज हेच मुख्य ठेवावं. रोज दहा वेळा रीस्टार्ट करून कोणी धंदा करत नाही.

आणि एक दिवस यादी गायब होते

सहा महिने सगळं नीट चालतं. मग विंडोजचं मोठं अपडेट येतं आणि कॉम्प्युटर चालू केला की निवडीची यादी न येता थेट विंडोज सुरू. लिनक्स उडालं असं वाटतं. बहुतेक वेळा ते जागच्या जागी असतं, फक्त आधी कोणाला उठवायचं हा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन क्रम परत लावायचा.

कधीकधी प्रकरण याहून गंभीर असतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमधली जुन्या बूटलोडरची एक पळवाट बंद केली. ड्युअल बूट मशीनना हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं. प्रत्यक्षात जगभर अनेकांचं लिनक्स उठेना. स्क्रीनवर ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ अशा अर्थाचा संदेश आणि मशीन बंद. त्यावर मायक्रोसॉफ्टचा कायमचा तोडगा आला मे २०२५ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी. यात वापरणाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. एका घरात दोन कुटुंबं राहतात, दार एकच आहे आणि दाराचं कुलूप बदलायचा अधिकार त्यातल्या एकाकडेच आहे, अशी ही रचना आहे. ड्युअल बूटची बरीच चिडचिड शेवटी इथून येते.

मग करावं काय?

ज्याला फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स हवंय, त्याने ड्युअल बूटच्या वाटेला जाऊच नये. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘डब्ल्यूएसएल’ नावाची सोय आहे. विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालतं, पार्टिशनला हात लागत नाही. शेल स्क्रिप्ट, सी प्रोग्रामिंग, पायथन, एवढं सगळं त्यावर होतं.

ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे त्यांनी दुसरी डिस्क लावावी. जुन्या डेस्कटॉपमध्ये एखादं जास्तीचं साटा कनेक्शन बहुतेकदा असतं. एक छोटी एसएसडी घ्या. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल चक्क काढून ठेवा, म्हणजे इन्स्टॉलरला पुसायला दुसरं काही उरतच नाही. लिनक्स टाकून झालं की केबल परत लावा आणि चालू करताना बूट मेन्यूतून हवी ती डिस्क निवडा. हा मेन्यू कुठे एफ१२ ने उघडतो, कुठे एफ९, एफ११ नाहीतर एस्केपने. सी-डीचा सगळा घोळ एका केबलने संपतो. वर जुनं मशीन एसएसडीमुळे पळायला लागतं ते वेगळंच.

एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपवर करायचंच असेल तर आधी पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ हा पर्याय घेऊन लिनक्स नुसतं चालवून बघा. यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड, प्रिंटर, सगळं तिथेच तपासा. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. आणि पहिल्यांदा करत असाल तर आधी केलेला माणूस शेजारी बसवा. जगभर लिनक्सवाले यासाठी एकत्र बसायचे आणि बसतात, लोक आपापली मशीन घेऊन येतात, जाणकार बाजूला बसून टाकून देतात. विंडोज १० च्या निमित्ताने ‘एंड ऑफ टेन’ या मोहिमेने अशा मदतीच्या ठिकाणांची यादीच केली आहे. आपल्याकडे वालचंदच्या ग्रुपसारख्या ठिकाणी शिकलेली मुलं सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात विखुरलेली आहेत. ओळखीत एखादा नक्की निघेल. ‘सापडली नाही’ हा संदेश पूर्वी पाहिलेला माणूस शेजारी असेल तर तो तुमचा हात ‘इरेज’वर जाण्याआधी धरतो.

शेवटी, नको झालं म्हणून लिनक्स काढायचं असेल तर? बरेच जण विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन सरळ डिलीट करतात. पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द येतात. यादी दाखवणाऱ्या ग्रबचा उरलेला भाग त्या पार्टिशनमध्ये होता, तो तुम्हीच पुसलात. विंडोज आणि डी दोन्ही शाबूत असतात, फक्त दार सापडत नाही. यूईएफआय मशीनवर बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं की काम होतं. जुन्या मशीनवर विंडोजच्या पेनड्राइव्हमधून ‘रिपेअर’ मध्ये जाऊन एमबीआर दुरुस्त करावा लागतो. फॉरमॅट लागत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी विंडोजला पहिला नंबर द्या, एकदा बंद-चालू करून खात्री करा, मगच लिनक्सचं पार्टिशन काढा. मोकळी झालेली जागा डी च्या लगेच पुढे असेल तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ मधून ‘एक्सटेंड’ करून ती परत डी ला जोडता येते.